संगणकातला सिग्नल हवेत सोडताना : एसडीआरने प्रसारण करण्याची पायरीपायरीची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि अभियांत्रिकीला गेल्यावर इंग्रजी पुस्तकांपुढे येऊन बसतात. मॉड्युलेशनचा विषय अभ्यासक्रमात असतो, क्यूपीएसकेचे (दर चिन्हात दोन बिट नेणाऱ्या मॉड्युलेशनचे) चार ठिपके वहीत काढून होतात, संगणकावर सिम्युलेशनही चालते. पण तोच सिग्नल अँटेनातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे काय होते, हे प्रत्यक्ष करून पाहण्याची वेळ क्वचितच येते. आता सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे ज्याचे बरेचसे काम सॉफ्टवेअर करते तो एसडीआर, तळहातावर मावेल एवढा झाला आहे, त्यामुळे घरच्या टेबलावरही हा प्रयोग शक्य आहे. यात सिग्नल तयार करणे हा सोपा भाग आहे. कनेक्टरमधून आपण ठरवले तेवढेच बाहेर पडते आहे, त्याहून जास्त नाही आणि दुसरीकडे कुठे नाही, याची खात्री करण्यात वेळ जातो, आणि या लेखातला बराचसा मजकूर त्या खात्रीबद्दलच आहे.

माझी स्वतःची सुरुवात नुकसानीने झाली. हॅकआरएफ नावाचे दोन एसडीआर होते. एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, म्हणून दोघांना मी हातभर केबलने थेट जोडले. हॅकआरएफ काही फ्रिक्वेन्सींवर १० डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) वर सहज सोडतो, आणि त्याच यंत्राच्या रिसिव्हरची सहनशक्ती उणे ५ डीबीएम एवढीच आहे. म्हणजे सोसवेल त्याच्या तीसपट शक्ती मी आत ढकलली होती. धूर निघाला नाही, वास आला नाही, यंत्र चालूही राहिले; फक्त त्या दिवसापासून आतला ॲम्प्लिफायर सुरू केला की सिग्नल वाढण्याऐवजी खाली जाऊ लागला. जळलेल्या इनपुटची खूण नेमकी हीच असते, हे मला नंतर कळले.

आधी परवानगी

ऐकणे आणि बोलणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. भारतात फ्रिक्वेन्सींचे नियमन दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा करते, आणि परवानगीशिवाय प्रसारण करणे हा गुन्हा आहे. पूर्वी १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांवर हे सारे उभे होते; त्यांच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आला असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. अर्ज करण्याआधी सरल संचार पोर्टलवरचे चालू नियम स्वतः वाचावेत. कोणाच्या सांगण्यावर, माझ्यासुद्धा, विसंबू नये.

विद्यार्थ्यांपुढे सरळ वाट हौशी रेडिओच्या परवान्याची आहे, ज्याला सगळे हॅम म्हणतात. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षा देता येते. तिच्यात मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम असे दोन भाग असतात. परवाना दोन श्रेणींत मिळतो, प्रतिबंधित आणि सामान्य, आणि आपल्याला ज्या पट्ट्यात, ज्या प्रकारचा सिग्नल सोडायचा आहे त्यासाठी कोणती श्रेणी लागते हे चालू नियमांत पाहून घ्यावे. परवान्यातल्या पत्त्याबाहेर, म्हणजे एखाद्या गडावर किंवा शेतात, प्रसारण करायचे असेल तर त्याबद्दलची अट आधी पाहून घ्यावी.

“पण ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ तर परवानामुक्त आहेत ना?” हा प्रश्न हमखास येतो. पट्टे मुक्त आहेत हे खरे, पण ती सूट ठरावीक शक्ती, ठरावीक बँडविड्थ आणि मान्यताप्राप्त उपकरण या अटींना बांधलेली आहे. एसडीआर हे कुठलाही आकार घेऊ शकणारे कोरे यंत्र आहे. त्यातून निघालेला सिग्नल त्या अटींत बसतो की नाही, हे दाखवण्याची जबाबदारी सोडणाऱ्यावर येते, आणि नवशिक्याला ते दाखवता येत नाही. म्हणून परवाना हाती नसेल तर या लेखातला ‘गच्चीवर’च्या आधीचा, तारेतून करायचा भाग करावा आणि तिथेच थांबावे. शिकण्यासारखे तीन-चतुर्थांश तिथेच आहे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आणि वायुदलाचे केंद्र आहे, आणि शहराला लागून लष्कराची छावणी आहे. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालते आणि जीपीएसचा नागरी सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. हे पट्टे, पोलिसांचे वायरलेस आणि मोबाइलचे पट्टे यांत गंमत म्हणूनही काही सोडायचे नाही. जीपीएसचा खोटा सिग्नल बनवणारी सॉफ्टवेअरे सहज मिळतात, आणि मिळतात म्हणूनच हे स्पष्ट लिहितो आहे.

कोणते यंत्र, कोणती तार

आरटीएल-एसडीआर हा सर्वांत स्वस्त डोंगल फक्त ऐकतो. तरीही तो आपल्याला लागणारच आहे, कारण सोडलेल्याकडे पाहायला दुसरा डोळा हवा. सोडण्यासाठी घरगुती कामात प्लूटो आणि हॅकआरएफ हे दोन पर्याय जास्त दिसतात. हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण तो ८ बिटांचा आहे आणि एका वेळी एकच काम करतो, सोडणे किंवा घेणे. प्लूटोची मूळ मर्यादा ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ आहे. तो १२ बिटांचा आहे आणि एकाच वेळी सोडतो व घेतो. महाविद्यालयात यूएसआरपी बी२१० असेल तर तो दोघांपेक्षा सरस आहे, मात्र तो ज्या कपाटात असतो त्याची किल्ली मिळणे हा निराळा प्रयोग आहे. पुढचे सारे मी प्लूटो धरून लिहितो.

यंत्रापेक्षा तारेचे सामान गोळा करायला जास्त दिवस लागतात. ५० ओहमच्या दोन एसएमए केबल, सिग्नल क्षीण करणारे ३० डेसिबलचे दोन ॲटेन्युएटर, अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा एक डमी लोड आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे अडवणारा एक लो-पास फिल्टर एवढे हवे. बेळगावच्या खडेबाजारात विचारले तर केबल टीव्हीची ७५ ओहमची तार आणि तिचे पेच, म्हणजे कनेक्टर, पुढे येतात. ते इथे चालत नाहीत. सामान मागवताना वायफायच्या राउटरला येणारा उलट एसएमए पेच चुकून घेऊ नये. तो बाहेरून हुबेहूब सारखा दिसतो, आटेही बसतात, पण त्याच्या मधली पिन उलट बाजूला असते. जोडणी घट्ट होते आणि आत दोन पोकळ भोके समोरासमोर राहतात; मग सिग्नल ६० डेसिबलने कुठे हरवला हे शोधण्यात दुपार जाते. पेच घेतल्यावर तो डोळ्यांपुढे धरावा आणि मध्ये पिन आहे की भोक, हे पाहूनच खिशात टाकावा.

सिग्नल तयार करणे

पहिला सिग्नल क्यूपीएसके नसावा. साधा एक सूर असावा, कारण त्यात दोष लपत नाहीत.

पायथॉनमध्ये नमपाय वापरून, किंवा जीएनयू रेडिओ या ठोकळे जोडून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिग्नल सोर्सचा ठोकळा घेऊन, सॅम्पल रेट सेकंदाला १० लाख ठेवावा आणि १०० किलोहर्ट्झचा कॉम्प्लेक्स (आय आणि क्यू अशा दोन भागांचा) सूर बनवावा. मध्य फ्रिक्वेन्सी ४३४.५ मेगाहर्ट्झ ठेवावी. भारतात हौशी मंडळींना ४३४ ते ४३८ हा पट्टा आहे, पण ४३५च्या वर हौशी उपग्रह खाली बोलतात आणि ४३३.९२च्या आसपास गाड्यांच्या रिमोट किल्ल्या असतात. या दोघांच्या मधली जागा मला बरी वाटते.

सूर मध्यावर न ठेवता १०० किलोहर्ट्झ बाजूला का ठेवला, हे पुढे पडद्यावर दिसेलच. आत्ता नमुन्यांच्या मोजणीकडे लक्ष द्यावे. प्लूटोला चक्री बफरची सोय आहे: एकदा नमुने दिले की तो तेच पुन्हा पुन्हा फिरवत राहतो, आणि यूएसबीच्या वेगाची चिंता राहत नाही. पण बफरचा शेवट त्याच्या सुरुवातीला सांध्याविना जुळला पाहिजे. आपल्या सुराची एक फेरी १० नमुन्यांत पुरी होते, म्हणून १०,००० नमुन्यांत बरोबर १,००० फेऱ्या बसतात. सूर १००.०५ किलोहर्ट्झचा केला तर १,०००.५ फेऱ्या होतात, दर १० मिलिसेकंदांनी फेज उलटी उडी मारते, आणि एका स्वच्छ रेषेच्या जागी काटेरी झुडूप दिसू लागते. हे मुद्दाम एकदा करून पाहावे. पुढे असे झुडूप दिसले की कारण चटकन सुचते.

नमुन्यांची उंची हा दुसरा सापळा. प्लूटो १६ बिटांचे आकडे घेतो आणि त्यांतले वरचे १२ बिट वापरतो, म्हणून कमाल उंची १ असलेला सिग्नल पायथॉनमधून पाठवताना त्याला साधारण १६,३८४ने, म्हणजे दोनाच्या १४व्या घाताने, गुणावे. गुणायला विसरले की सिग्नल जवळजवळ शून्य होतो. जास्त गुणले की आकडा मर्यादेपलीकडे जाऊन थेट उणे होतो आणि सिग्नल आजूबाजूच्या चॅनेलांवर सांडतो. एका सुराची उंची स्थिर असते, म्हणून तिथे हे पटकन उमगत नाही. ओएफडीएमसारख्या, अनेक बारीक वाहक एकत्र नेणाऱ्या सिग्नलमध्ये मात्र शिखरे सरासरीच्या १० ते १२ डेसिबल वर जातात, आणि तिथे सरासरी पातळी मर्यादेच्या पावपट ठेवली तरच शिखरांना जागा उरते.

हॅकआरएफवाल्यांसाठी एक वाक्य: त्याच्या फाइलमध्ये उणे १२८ ते १२७ असे चिन्हासहित आकडे असतात आणि आरटीएल-एसडीआरच्या फाइलमध्ये ० ते २५५ असे बिनचिन्हाचे, म्हणून एकाने टिपलेले दुसऱ्यातून वाजवायचे असेल तर आधी मधला १२७.५ वजा करावा.

जीएनयू रेडिओत आणखी एक चूक सर्रास होते. सिम्युलेशनच्या आराखड्यात थ्रॉटल नावाचा ठोकळा असतो आणि तो तसाच राहून जातो. खरे यंत्र जोडल्यावर वेळ यंत्राचे घड्याळ ठरवते. थ्रॉटल काढून टाकावा, नाहीतर दोन घड्याळांच्या ओढाताणीत नमुने कमी पडतात आणि सिग्नल मधूनमधून तुटतो.

तारेतून पहिले प्रसारण

प्लूटोच्या टीएक्स पेचाला ३० डेसिबलचे दोन्ही ॲटेन्युएटर एकापाठोपाठ लावावेत, मग केबल, मग आरटीएल-एसडीआर. प्लूटोने पूर्ण जोर लावला तरी साधारण ७ डीबीएम निघतात. ६० वजा केल्यावर उणे ५३ उरतात, आणि एवढे कोणताही रिसिव्हर आरामात घेतो. जोडण्या आधी, वीज नंतर, हा क्रम पाळावा.

इथे एक धोक्याची खूण आहे आणि ती मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. प्लूटोमध्ये शून्य म्हणजे कमाल शक्ती. पायथॉनमध्ये त्याचा गेन उणे ८९.७५पासून ० पर्यंत जातो, आणि जीएनयू रेडिओच्या ठोकळ्यात तोच आकडा ॲटेन्युएशन म्हणून धन चिन्हाने द्यावा लागतो. हॅकआरएफमध्ये उलट, तिथे शून्य म्हणजे सर्वांत कमी. एका यंत्राची सवय झालेला माणूस दुसऱ्यावर सावधपणाने शून्य टाकतो आणि नेमका पूर्ण भोंगा सुरू करतो. प्लूटोवर सुरुवात उणे ५०ने करावी.

आता आरटीएल-एसडीआरवर एसडीआर-शार्प किंवा जीक्यूआरएक्स उघडून ४३४.५वर पाहावे. एकच रेषा दिसेल अशी अपेक्षा असते, दिसतात तीन. ४३४.६वरची उंच रेषा आपली. बरोबर मध्ये, ४३४.५वर, एक बुटकी रेषा असते: ती आतल्या लोकल ऑसिलेटरची, म्हणजे मध्य फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या भागाची, गळती. आणि ४३४.४वर, आरशात पाहावे तशी, आपल्याच सुराची फिकट प्रतिमा असते, कारण आय आणि क्यू या दोन वाटा अगदी सारख्या उंचीच्या व नेमक्या ९० अंशांच्या नसतात. सूर मध्यावर ठेवला असता तर हे दोन्ही दोष त्याच्याच खाली दडले असते. प्लूटोतली चिप हे दोष स्वतः मोजून कमी करते, पण शून्य करत नाही. आपल्या रेषेपेक्षा त्या किती डेसिबल खाली आहेत, हे वहीत लिहून ठेवावे. एक पथ्य मात्र पाळावे: रिसिव्हर नेमका ४३४.५वर लावू नये, थोडा बाजूला लावावा. त्याच्या स्वतःच्याही मध्यावर एक रेषा असते आणि ती आपल्या गळतीवर जाऊन बसते.

रेषा ४३४.६वर तंतोतंत दिसणार नाही. प्लूटोच्या घड्याळात २५ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २५) चूक असू शकते, म्हणजे या फ्रिक्वेन्सीवर जवळजवळ ११ किलोहर्ट्झ. यंत्र पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे, मग फरक मोजावा आणि मध्य फ्रिक्वेन्सीत तेवढी दुरुस्ती करावी. एप्रिलच्या दुपारी केलेली दुरुस्ती आषाढातल्या गारठ्यात जशीच्या तशी लागू पडत नाही.

पुढे केबल आरटीएल-एसडीआरच्या बाजूने काढून पाहावी. सिग्नल पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. तो थोडाच कमी झाला, तर आपण इतका वेळ तारेतून नव्हे, हवेतून ऐकत होतो. प्लूटोचे कवच प्लॅस्टिकचे आहे आणि त्यातून गळती होते. दोन यंत्रे एकमेकांपासून दूर ठेवावीत, किंवा प्लूटो पत्र्याच्या डब्यात ठेवावा. डबा रंगवलेला असेल तर झाकणाच्या कडेचा रंग खरवडून पत्र्याला पत्रा भिडवावा लागतो, नाहीतर फट बंद दिसते आणि रेडिओला ती उघडीच असते. आमच्याकडे हे काम फराळाच्या जुन्या डब्याने केले आहे, आणि दिवाळीत त्याची विचारणा झाली होती.

जे नको ते किती बाहेर पडते

आता गेन दहा-दहा डेसिबलने वाढवत न्यावा. प्रत्येक पायरीला रेषाही दहाने वर आली पाहिजे. ती सात-आठनेच वर आली तर कुठेतरी कोंडी झाली आहे. ती आपल्या ट्रान्समीटरमध्ये आहे की बघणाऱ्या रिसिव्हरमध्ये, हे ओळखायला दोन सुरांची चाचणी चांगली आहे. १०० आणि १३० किलोहर्ट्झ असे दोन सारखे सूर सोडले की कोंडी झाल्यावर ७० आणि १६० किलोहर्ट्झवर नको असलेली पिल्ले उगवतात. अशा वेळी रिसिव्हरच्या तोंडाशी आणखी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावावा. मूळ सूर दहाने खाली येतील. पिल्लेही दहानेच खाली आली, तर ती ट्रान्समीटरमधून आलेली आहेत. ती एकदम तीसने खाली गेली, तर दोष रिसिव्हरचा होता आणि ट्रान्समीटर निर्दोष आहे. तिसऱ्या क्रमांकाची विकृती सिग्नलच्या तिप्पट वेगाने चढते-उतरते, त्यावर ही युक्ती उभी आहे.

यानंतर दूरची पाहणी. एसडीआरच्या आतला मिक्सर चौकोनी लहरींवर चालतो, त्यामुळे दुप्पट आणि विशेषतः तिप्पट फ्रिक्वेन्सीवर बरेच काही बाहेर पडते. ४३४.५चे दुप्पट ८६९ आणि तिप्पट १३०३.५ मेगाहर्ट्झ. यांतले ८६९ म्हणजे मोबाइलच्या ८५० पट्ट्याची नेमकी कड. दोन्ही जागा आरटीएल-एसडीआरच्या टप्प्यात आहेत. तिथे ट्यून करून, फिल्टर न लावता आणि लावून, असे दोनदा मोजावे. साधारण ५०० मेगाहर्ट्झला कापणारा लो-पास फिल्टर लावल्यावर या रेषा गोंगाटात बुडाल्या पाहिजेत. नवशिके फिल्टरला चैन समजतात, कारण तो नसतानाही त्यांचा स्वतःचा सिग्नल पोचतोच. त्रास होतो तो दुसऱ्याला, आणि त्याला त्याचे कारणही कळत नाही.

एवढे झाले की मगच खरा सिग्नल घ्यावा. सेकंदाला २५,००० चिन्हांचे (सिम्बॉलचे) क्यूपीएसके, चिन्हांना आकार देणारा रूट रेझ्ड कोसाइन फिल्टर आणि त्याचा रोल-ऑफ ०.३५ घेतला, तर बँडविड्थ २५ गुणिले १.३५, म्हणजे ३३.७५ किलोहर्ट्झ होते. सॅम्पल रेट १० लाखच ठेवला की दर चिन्हाला ४० नमुने येतात. १,००० चिन्हांचे एक पाकीट ४०,००० नमुन्यांचे, म्हणजे ४० मिलिसेकंदांचे होते. सुरुवातीला तेरा चिन्हांचा बार्कर संकेत, म्हणजे पाकिटाची सुरुवात ओळखण्याची ठरलेली खूण, दोनदा घातला तरी सुमारे २४० इंग्रजी अक्षरांचा मजकूर उरलेल्यात मावतो. तारेतून हे चक्री बफरने फिरवायचे असेल तर पल्स फिल्टरही वर्तुळाकार लावावा, म्हणजे शेवटच्या चिन्हाची शेपटी पहिल्या चिन्हावर येऊन मिळते आणि सांधा राहत नाही.

गच्चीवर

अँटेना घरी करता येते. ४३४.५ मेगाहर्ट्झची लहर ६९ सेंटिमीटरची, तिचा पाव हिस्सा १७.२५, आणि तारेच्या जाडीमुळे पडणारी घट धरून सुमारे १६.४ सेंटिमीटर. एका पेचाच्या मधल्या पिनीला एवढी उभी तांब्याची तार आणि बाहेरच्या कडेला तेवढ्याच चार तारा खाली तिरक्या वाकवून डाखल्या की काम होते.

शक्ती किती लागते याचा अंदाज आधी कागदावर काढावा, कारण तो आकडा बहुतेकांना चकित करतो. मोकळ्या हवेतला क्षय डेसिबलमध्ये काढताना ३२.४४मध्ये मेगाहर्ट्झच्या लॉगची वीसपट आणि किलोमीटरच्या लॉगची वीसपट मिळवायची. समजा एक टोक बेळगावच्या शहापुरातल्या गच्चीवर आहे, दुसरे राजहंसगडावर, आणि अंतर १५ किलोमीटर धरले, तर क्षय सुमारे १०८.७ डेसिबल येतो. सोडलेली शक्ती ० डीबीएम, म्हणजे फक्त १ मिलिवॅट, आणि दोन्ही अँटेनांचे मिळून ४ डेसिबल धरले तर पलीकडे उणे १०४.७ डीबीएम पोचतात. ३३.७५ किलोहर्ट्झमध्ये निसर्गाचा आणि रिसिव्हरचा गोंगाट मिळून साधारण उणे १२२ असतो. म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या १७ डेसिबल वर राहतो, आणि क्यूपीएसकेला १२-१३ पुरतात. समोरासमोर दृष्टी असेल तर १ मिलिवॅटमध्ये एवढे होते. गल्लीत, घरांच्या भिंतींमधून, अर्थातच होत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की पॉवर ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी हे गणित करावे. घरातल्या घरात प्रयोग असेल तर उणे २० डीबीएमसुद्धा भरपूर आहेत.

गणितातला गोंगाट मात्र कागदावरचा आहे. वडगाव-खासबागेत यंत्रमागांच्या मोटरी चालू असतात, घराघरांत स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर असतात, आणि या साऱ्यांचा रेडिओ-गोंगाट गच्चीवर जमा होतो. खरा आकडा मोजण्याची उत्तम वेळ म्हणजे वीज गेली ती. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून त्या वेळी एकदा आणि वीज आल्यावर एकदा मोजावे. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्या शेजाऱ्यांची देणगी. सीमाभागात राहणाऱ्याला अशी संधी वारंवार मिळते.

अँटेना उभी केली की शेजार जागा होतो. “टॉवर लावायलास काय रे?” असे पलीकडच्या गच्चीवरून काकूंनी विचारले, तेव्हा मी डेसिबल समजावत बसलो आणि त्यांची शंका वाढली. दुसऱ्या वेळी हातातले यंत्र दाखवले, तुमच्या मोबाइलपेक्षा हे पुष्कळ कमी सोडते असे सांगितले, आणि परवान्याची प्रत दाखवली; चहा आला. परवान्याची प्रत गच्चीवर सोबत असावीच.

सोडण्याआधी त्या फ्रिक्वेन्सीवर दहा मिनिटे ऐकावे. कोणी बोलत असेल तर आपण सरकावे. हवेत चक्री बफर बंद ठेवावा, म्हणजे पाकीट एकदाच जाते आणि चॅनेल अडून राहत नाही. हौशी सेवेत गुप्त संकेत चालत नाहीत आणि ओळख द्यावीच लागते. आपले पाकीट इतरांना वाचता येणार नाही, म्हणून आरंभी, शेवटी आणि मध्येही आपली कॉलसाइन मोर्समध्ये एका सुराने पाठवावी. तो सूर आपण पहिल्याच पायरीला तयार केला होता.

वळिवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारी आभाळ भरून आले की अँटेनाची तार यंत्रापासून काढून खिडकीबाहेर टाकावी. पावसाळ्यात पेचांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. खानापूरच्या बाजूला जे राहतात त्यांना हे सांगायला नको, तिथे पितळ महिन्यात हिरवे पडते.

पलीकडे ओळखणे

घेणाऱ्या बाजूला क्रम असा ठेवावा: आधी फ्रिक्वेन्सीतला ढोबळ फरक काढणे, मग रूट रेझ्ड कोसाइनचा जोडीदार फिल्टर, मग चिन्हाची वेळ पकडणे, आणि शेवटी कोस्टास लूपने, म्हणजे फेजचा पाठलाग करणाऱ्या रचनेने, उरलेली फेज स्थिर करणे. ढोबळ दुरुस्ती टाळू नये. दोन यंत्रांच्या घड्याळांतला ११ किलोहर्ट्झचा फरक हा आपल्या सिग्नलच्या रुंदीचा तिसरा हिस्सा होतो, आणि तेवढ्या फरकाला कोस्टास लूप पकडू शकत नाही. सारे नीट झाले की फिरणारे कडे थांबते आणि चार ठिपके उभे राहतात. ते चार ठिपके ९० अंशांनी फिरलेलेही असू शकतात आणि लूपला ते कळत नाही. बार्कर संकेत त्यासाठीच घातला आहे: तो चारही दिशांनी लावून पाहावा आणि जुळेल ती दिशा खरी मानावी.

ठिपके कसे बिघडले आहेत त्यावरून दोष ओळखता येतो. सगळे सारखे गोल पसरले असतील तर गोंगाट. कमानीसारखे वाकले असतील तर ऑसिलेटरची थरथर. चौकोन एका बाजूला सरकला असेल तर मधल्या रेषेची गळती. आणि बाहेरच्या कडा चेपल्या असतील तर गेन जास्त झाला आहे, तो सहा डेसिबलने खाली आणून पुन्हा पाहावे.

काम संपल्यावर प्रोग्रॅम बंद केला म्हणजे प्रसारण थांबले असे समजू नये. नमुने जायचे थांबतात, पण प्लूटोचा लोकल ऑसिलेटर चालूच राहतो आणि ४३४.५वरची ती बुटकी रेषा आरटीएल-एसडीआरवर तशीच दिसत राहते. ऑसिलेटर बंद करण्याची आज्ञा द्यावी किंवा सरळ यूएसबी काढावी, पडद्यावरची रेषा गेल्याचे पाहावे, आणि अँटेना उतरवून तिच्या जागी डमी लोड लावून ठेवावा.